फ्राइड चिकन आणि वॅफल: हॉटेलात जमतं ते घरी का बिघडतं?

खमंग_खवय्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या सोल फूडच्या (म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या पारंपरिक जेवणाच्या) हॉटेलांत फ्राइड चिकन आणि वॅफल (खणांच्या तापत्या साच्यात भाजलेला पिठाचा पदार्थ) एकाच ताटलीत देतात, वर लोणी आणि मेपल सिरप. खारट-तिखट चिकनवर गोड पाक ऐकायला चमत्कारिक वाटतो, पण खाताना दोन्ही एकमेकांना धरून असतात. घरी केलं की मात्र वॅफल दोन मिनिटांत मऊ पडतो, चिकनचं आवरण सुटून येतं आणि सिरप घातल्यावर सगळं नुसतंच गोड लागतं. हॉटेलवाले नेमकं वेगळं काय करतात? चिकन हाडासकट घ्यावं की बोनलेस? साचा जाड बेल्जियन की पातळ? प्रमाणासकट सांगितलंत तर बरं होईल.

जाळीवरचा

या पदार्थाचं हॉटेलाशी असलेलं नातं पाहिलं की निम्मं उत्तर मिळतं. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांत वॅफलवर शिजवलेलं चिकन आणि दाट रस्सा घालायची जुनी पद्धत आहे, त्यात सिरप नाही. तळलेलं चिकन आणि सिरपवाली ताटली गाजली ती न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. जोसेफ वेल्स यांनी १९३८ मध्ये तिथे हॉटेल काढलं. जॅझ वाजवणारे कलाकार कार्यक्रम संपवून मध्यरात्रीनंतर यायचे. जेवणाची वेळ टळलेली, न्याहारीची झालेली नसायची, म्हणून जेवणाचं चिकन आणि न्याहारीचा वॅफल एकाच ताटलीत. पुढे मूळचे हार्लेमचेच हर्ब हडसन यांनी १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला 'रॉस्कोज' सुरू केलं आणि पश्चिमेकडेही ही ताटली ओळखीची झाली.

अशा हॉटेलात तळणीचं तेल आणि वॅफलचा साचा, दोन्ही सतत तापलेले असतात. दोन्ही वस्तू एकाच मिनिटाला ताटलीत येतात. घरी एक आधी होते आणि दुसरीची वाट बघत बसते. या वाट बघण्यातच वॅफल मरतो.

कढईतलं_सोनं

चिकनबद्दल लिहितो, कारण जास्त घोळ तिथेच होतो.

१ किलो चिकन, मांडी आणि तंगडीचे तुकडे, स्कीनसकट. महाराष्ट्रात चिकनवाला न विचारता स्कीन काढून देतो, म्हणून आधीच सांगा. ४०० मिली आंबट ताकात (आपलं ताक पातळ असतं, तेव्हा दही आणि पाणी ३:१ घुसळून घ्या) १५ ग्रॅम मीठ, १ चमचा मिरपूड आणि १ चमचा लाल तिखट घालून ८ ते १२ तास फ्रीजमध्ये मुरवा. मीठ आतपर्यंत जायला एवढा वेळ लागतोच. २४ तासांच्या पुढे नेलं तर आंबटपणामुळे मांसाचा वरचा थर पिठूळ होतो.

वरच्या पिठासाठी २५० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ८ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, २ चमचे मिरपूड, १ चमचा लसूण पावडर. त्यात मुरवणाचंच ३-४ चमचे ताक शिंपडून बोटांनी चोळा. पिठात ज्या बारीक गाठी होतात त्याच तळल्यावर खडबडीत, कुरकुरीत होतात. तुकडा पिठात दाबून घोळवा आणि जाळीवर २०-३० मिनिटं तसाच ठेवा. कोरडं पीठ ओल शोषून चिकनला चिकटतं. ही पायरी गाळली की आवरण तेलात सुटतं. तुमचं बहुतेक हेच होतंय.

तेल १७५ अंश सेल्सिअस. तुकडे सोडले की ते १५५-१६० वर उतरतं, पुढे १६० च्या आसपास राखा. तंगडीला १२ ते १५ मिनिटं लागतात. ७४ अंशाला चिकन खाण्याजोगं होतं, पण मांडीचं मांस ८०-८५ ला मऊ लागतं, हाडाशी चिवट राहत नाही. एका घाण्यात जास्त तुकडे कोंबले की तेल निवतं आणि आवरण तेल पितं. तेल १९० वर गेलं तर बाहेर काळपट, हाडाजवळ कच्चं. तळल्यावर टिश्यू पेपरवर नको, जाळीवर काढा. कागदावर खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते.

साचा_आणि_पीठ

वॅफल असा करा: २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, १५ ग्रॅम साखर, ८ ग्रॅम बेकिंग पावडर, २ ग्रॅम खाण्याचा सोडा, ४ ग्रॅम मीठ, ४०० मिली वरच्यासारखंच घट्ट ताक, २ अंडी, १०० ग्रॅम वितळलेलं लोणी. अंड्यातला पांढरा भाग वेगळा फेसून शेवटी हलक्या हाताने मिसळा.

साखर याहून वाढवू नका. ती लवकर लाल होते, वरून झालाय असं वाटून आपण साचा उघडतो आणि आत ओल राहते. शिवाय साखर हवेतली ओल ओढते, त्यामुळे निवताना वॅफल लोळतो. गोडवा सिरपमधून येणारच आहे.

साचा १९०-२०० अंशांवर तापू द्या, ४-५ मिनिटं भाजा. कडेने येणारी वाफ जवळजवळ थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही, आधी उघडलं तर वॅफल मधोमध फाटतो. काढल्यावर मिनिटभर जाळीवर ठेवा आणि लगेच वाढा.

माझं मत पातळ साच्याला. जाड बेल्जियन दिसायला देखणा आणि त्याच्या खोल खणांत सिरप छान साठतं, पण आतला भाग स्पंजासारखा असतो आणि तळलेल्या चिकनबरोबर पोट लगेच जड होतं. पातळ वॅफल कुरकुरीतपणात चिकनच्या तोडीस तोड राहतो.

मिरपूड

हाडासकट चिकन चवीला सरस, यात वाद नाही. पण या ताटलीचा खरा घास म्हणजे वॅफल, चिकन आणि सिरप एकदमच तोंडात. हाड असलं की माणूस चिकन वेगळं खातो, वॅफल वेगळा. म्हणून मी मांडीच्या बोनलेस तुकड्याच्या बाजूने आहे: स्कीन ठेवून, १७५ वर ६-७ मिनिटं. छातीचा तुकडा नको, तो कोरडा पडतो आणि मग सिरपवरच भिस्त राहते.

'नुसतंच गोड लागतं' याचं कारण म्हणजे आंबट-तिखट काहीच नाही. लुईझियाना पद्धतीचा हॉट सॉस मिरची, व्हिनेगर आणि मिठाचा असतो. ४ भाग मेपल सिरपला १ भाग तो सॉस मिसळा. व्हिनेगर तेलकटपणा कापतं. लोणी खारटच घ्या. सिरप ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा. थंड सिरप वॅफल गार करतं आणि एका जागी साचतं. ताटलीमागे ३०-४० मिली पुरे, तेही छोट्या भांड्यात बाजूला.

मेपल नसेल तर बाजारातल्या 'पॅनकेक सिरप'पेक्षा आपली काकवी कितीतरी बरी. १०० ग्रॅम काकवीत २० मिली गरम पाणी, १० ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ. तिचा किंचित खारट, करपट वास तळलेल्या चिकनला शोभतो.

खमंग_खवय्या

मनापासून आभार. आवरण सुटण्याचं कारण कळलं. घरचा साचा एका वेळी एकच वॅफल करतो, माणसं चार. मग क्रम कसा लावू?

जाळीवरचा

चिकन आधी. सगळे घाणे काढून ओव्हनमध्ये १०० अंशांवर जाळीवर ठेवा, २०-२५ मिनिटं कुरकुरीत राहतं. त्याच ओव्हनच्या वरच्या जाळीवर वॅफल जसजसे होतील तसे ठेवा, एकावर एक रचू नका आणि झाकू नका. ओव्हन नसेल तर चिकन १५० वर पूर्ण शिजवून बाहेर काढा, आणि शेवटचा वॅफल साच्यात असताना १९० वर २ मिनिटं पुन्हा तळा.

ताटलीत चिकन वॅफलच्या मधोमध आडवं टाकू नका, खालून वाफ धरते. कडेला तिरकं टेकवा, लोणी मोकळ्या बाजूला. पार्सल द्यायचं असेल तर दोन्ही वेगळ्या डब्यांत, झाकणाला भोकं पाडून.