रापणीचा दोर ओढताना मूठ आधी का दमते?

किनारपट्टी:
रापण (किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं) ओढताना दंड, कंबर शाबूत असते, पण थोड्याच वेळात कोपराखालचा हात भरून येतो, बोटं वळत नाहीत. पावसात रापण बंद असताना स्प्रिंगचा ग्रिपर रोज शे-दोनशे वेळा दाबला तर फायदा होईल का? पहिले तीस सहज जातात, पुढे एकदम सगळं संपतं.

फिजिओ_रत्नागिरी:
बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपराखालीच असतात, बोटांपर्यंत जातात ते फक्त त्यांचे कंडरे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या. म्हणून हात तिथे भरतो. स्नायू आवळला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. निम्म्याहून जास्त ताकदीने धरून ठेवलं तर रक्त जवळजवळ थांबतंच. क्रिएटिन फॉस्फेटचा, म्हणजे स्नायूतल्या झटपट वापरायच्या इंधनाचा साठा उतरतो, सुटं फॉस्फेट आणि आम्ल साचतं आणि तंतूंचा जोर घटतो. सगळं खापर लॅक्टिक आम्लावर फोडू नका. मूठ पूर्ण सोडली की अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा साठा परत येतो, बाकीचा बराचसा तीन-चार मिनिटांत.

शे-दोनशे नकोत. 12-15 वेळा जेमतेम मिटेल असा ग्रिपर घ्या. तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. दर वेळी बोटं पूर्ण उघडा. अर्धवट उघडून पटापट दाबलं तर आकडा वाढतो, पकड नाही.

दोरवाला:
ग्रिपर ठीक, पण दोरावर खरी चूक मनगटाची. बरेच जण ते आत वाकवून ओढतात. तसं वाकवून मूठ घट्ट वळून बघा, जोरच लागत नाही. मनगट किंचित मागे हवं. कोपर ताठ, अंगाचा भार मागे, ओढायचं काम पायांचं. बोटं नुसती हुकासारखी. आणि ओला, बुळबुळीत नायलॉन दोर निसटेल म्हणून माणूस गरजेपेक्षा जास्त आवळतो. जाड हातमोज्यानेही तेच होतं. पातळ, तळव्याला रबर असलेला घ्या.

किनारपट्टी:
कोपराच्या बाहेरच्या बाजूलाही कळ येते. तीपण यामुळेच?

फिजिओ_रत्नागिरी:
बहुधा. मूठ आवळताना मनगट पुढे ढळू नये म्हणून मागचे स्नायू ताणून धरतात आणि ते तिथल्या हाडाला चिकटलेले असतात. कळ जाईपर्यंत ग्रिपर बंद. नंतर पाचही बोटांभोवती रबरबँड घालून बोटं फाकवायची, 15 वेळा, दोन फेऱ्या.

अंगठा ते मधलं बोट रात्री मुंग्यांनी जाग आणत असेल तर मनगटातली नस दाबली जात असू शकते, दाखवून घ्या. अतिश्रमानंतर हात सुजून लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.