ब्रूस ली शुंडेचा कसा? ग्वांगडोंगचे नामवंत आणि मूळ गावाचा घोळ

नकाशेवाला
दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या शुंडेच्या नामवंतांत ब्रूस लीचं नाव हटकून पहिलं. माणूस जन्मला सॅन फ्रान्सिस्कोत (२७ नोव्हेंबर १९४०), तेही वडील कँटनीज ऑपेराच्या दौऱ्यावर होते म्हणून. वाढला हाँगकाँगमध्ये. शुंडेतलं जुनआन हे फक्त वडिलांच्या घराण्याचं गाव. माझं मत: जन्म किंवा जडणघडण जिथे झाली त्याच यादीत नाव घाला, बाकी सगळी पर्यटन खात्याची हौस.

हक्काचा_पाहुणा
साफ असहमत. तिकडे 'कुठले तुम्ही?' याचं उत्तर जन्मगाव नसतंच. चिनी सरकारी फॉर्मवर जन्मस्थान आणि 'जिगुआन' असे दोन वेगळे रकाने असतात. जिगुआन म्हणजे साधारणपणे आजोबांचं राहतं गाव. परदेशी गेलेल्यांनी मंडळं काढली तीही तालुक्यावार, आणि मेलेल्यांच्या अस्थी हाँगकाँगमार्गे गावी पाठवल्या. ग्वांगडोंगमधल्याच काइपिंगची ती बुरुजासारखी घरं, द्याओलोऊ (१८०० च्या वर शिल्लक आहेत, २००७ पासून जागतिक वारसा) बव्हंशी परदेशी गेलेल्यांनी पाठवलेल्या पैशांवरच उभी राहिली. तुमच्या नियमाने त्यांच्या मुलानातवंडांचा काइपिंगशी संबंध शून्य!

नकाशेवाला
मग सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू ग्वांगडोंगमधल्या दाबूचे? जन्म सिंगापूर, १९२३. दाबूहून आले ते पणजोबा. हे घरी इंग्रजी बोलत आणि मँडरिन शिकले मोठेपणी. दुसरं उदाहरण तर तुमच्याच अंगावर येतं. बेइजिंग–झांगजियाकोउ रेल्वे (१९०५–०९) बांधणारा झान तियानयोउ जन्मला ग्वांगडोंगमधल्या नानहायला, १८६१ मध्ये. मूळ गाव वुयुआन. म्हणजे मूळ गाव धरलं तर तो ग्वांगडोंगचा उरतच नाही. बरं, वुयुआन तेव्हा आन्हुइत होतं, आज जियांगशीत. तीन प्रांतांना एकच इंजिनियर!

हक्काचा_पाहुणा
झानचं मान्य, तो दोन्हीकडे लिहावा. पण ली क्वान यूंचं नाही. सिंगापुरात जन्मदाखल्यावरसुद्धा वडिलांचा बोलीगट लिहीत. ली हक्का, आणि हक्का हा बोलीगट घरात कोणती भाषा चालते यावर ठरत नाही, वडिलांकडून येतो. पटो न पटो, व्यवहार तसा आहे.

वंशावळ_वाचक
दोघेही धरून चालला आहात की मूळ गाव ठाऊक असतं. तिथेच तर माती खातात लोक. आधी आडनावाचं चिनी अक्षर मिळवा. कँटनीजमध्ये हुआंग आणि वांग ही वेगळी आडनावं दोन्ही 'वाँग' होतात, म्हणून इंग्रजी स्पेलिंगवरून घराणं ठरवलं की फसलात.

मग चिनी मजुरांना येऊ न देणारा अमेरिकेचा बंदी कायदा, १८८२ ते १९४३. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या नोंदी जळाल्या, तेव्हा कित्येक जण आधीच नागरिक असलेल्याचे 'कागदी मुलगे' बनून दाखल झाले. त्यांच्या सरकारी कागदावरचं आडनाव विकतचं, गावही त्या खोट्या बापाचं. अशा वेळी थडगं पाहावं. त्यावर बहुधा खरं नाव, तालुका आणि गाव चिनीत कोरलेलं असतं. नावातलं पिढीदर्शक अक्षर (घराण्यातल्या एका पिढीच्या नावांत सामाईक असतं ते) गावच्या वंशावळीशी जुळलं तर काम फत्ते.

आणि जुनी नावं विसरू नका. १९१४ आधीच्या कागदात ग्वांगडोंगमधला ताइशान तालुका शोधाल तर सापडणार नाही, तेव्हा ते शिननिंग होतं.

नकाशेवाला
म्हणजे मूळ गाव हा पुरावाच डळमळीत. माझ्याच बाजूचं बोललात की!

वंशावळ_वाचक
छे. जन्मनोंदही तितकीच खोटी असू शकते, जळालेल्या नोंदींचा फायदा घेऊन 'मी इथेच जन्मलो' म्हणणारे काय कमी होते?

हक्काचा_पाहुणा
चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यात-सेनच घ्या. जन्म ग्वांगडोंगमधल्या त्सुइहंग गावचा, १८६६, त्यावर वाद नाही. पण पूर्वज हक्का मुलखातल्या झिजिनचे की दोंगग्वानचे यावर अभ्यासक अजून भांडतात. गंमत म्हणजे त्यांच्या शियांगशान तालुक्याला १९२५ मध्ये त्यांचंच झोंगशान हे नाव दिलं, आणि ते आलंय त्यांच्या 'नाकायामा' या जपानी टोपणनावावरून. आता या गावाचं जिगुआन कुठलं लिहायचं, नकाशेवाले?