सौरग्राम ठीक, पण लाइट गेल्यावर काय?

‘पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीसारखं प्रत्येक गाव सौरग्राम करा, लाइट जाण्याची कटकटच संपेल’ असं एकाने म्हटलंय. सौरग्राम म्हणजे छतावरच्या सोलरवर चालणारं गाव. पहिला अर्धा भाग मान्य, दुसरा नाही. घराघरांवर बसतात ते बहुतेक ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे आणि बाहेरच्या लाइनला जोडलेले. लाइट गेली की भर उन्हात तेही बंद पडतात, आणि पडायलाच हवेत. नाहीतर छतावरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाइट नसताना पंखा फिरायला हवा असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. पीएम सूर्य घर योजनेतलं ३ किलोवॉट सोलरचं ७८,००० रुपये अनुदान मात्र बॅटरीसाठी वाढून मिळत नाही.

खरी गोची वाडीच्या शेवटच्या खांबावर. दुपारी घरात वापर नसतो, त्यात खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर बारीक आणि लांब. वीज बाहेर ढकलताना व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. लोक पॅनेलला शिव्या घालतात! कडक उन्हात इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचं व्होल्टेज बघा, त्याच वेळी मीटरपाशी मोजून घ्या. पाच-सात व्होल्टचा फरक आला तर मधली केबल बारीक आहे किंवा जॉइंट सैल. दोन्हीकडे सारखंच चढलेलं असेल तर दोष बाहेरच्या लाइनचा, तो महावितरणला लेखीच कळवा.