मदत हवी आहे : पटावरचा हत्ती कोपऱ्यात कसा गेला?

नमस्कार. फोंड्याला आमच्या घरी बुद्धिबळ मराठी नावांनीच खेळले जाते. शेजारचे पोर्तुगीज शिकलेले आजोबा मात्र आमच्या उंटाला ‘बिश्पु’, म्हणजे बिशप, आणि कोपऱ्यातल्या हत्तीला ‘तोर्रे’, म्हणजे बुरूज, म्हणतात. त्यावरून निघालेला एक प्रश्न मला सुटत नाही. चतुरंगातला, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय रूपातला, हत्ती फारसीत ‘पील’ झाला, अरबीत ‘अल-फील’ आणि स्पॅनिशमध्ये ‘आल्फिल’. तिथे हे नाव आजही आपल्या उंटाच्या मोहऱ्यालाच आहे, आणि रशियनही त्याला ‘स्लोन’, म्हणजे चक्क हत्ती, म्हणतात. (फ्रेंचांनी त्याचा विदूषक केला आणि जर्मनांनी धावक, ते असो.) मग आपल्या मराठीत हा हत्ती कोपऱ्यात, चतुरंगातल्या रथाच्या जागी, कसा जाऊन बसला आणि त्याच्या मोकळ्या घरात उंट कुठून आला? बंगालीत त्या कोपऱ्यात नौका आहे, त्यामुळे रथाची जागा सगळीकडे हत्तीनेच घेतली असेही म्हणता येत नाही. जुन्या मराठी लेखनात, किंवा पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात, या मोहऱ्यांची वेगळी नावे कोणाला आढळली असल्यास कृपया कळवावीत. कोकणी नावेही हवीच आहेत.