विस्थापित, प्रकल्पग्रस्त, प्रकल्पबाधित: फरक किती धरायचा?

प्रश्न: धरणावरच्या एका लेखाचं संपादन करतोय. लेखकाने एकाच गावातल्या लोकांना कधी 'विस्थापित', कधी 'प्रकल्पग्रस्त', कधी 'प्रकल्पबाधित' आणि एके ठिकाणी 'स्थलांतरित' म्हटलंय. सगळीकडे एकच शब्द केला तर चालेल का? 'पुनर्वसन' आणि 'पुनर्वसाहत' हेही एकच ना?

उत्तर: कृपया एकच शब्द करू नका, अर्थ बिघडेल.

'बाधित' सगळ्यात व्यापक. २०१३च्या भूसंपादन कायद्यात जमीनमालकाचं कुटुंब तर बाधित आहेच, पण स्वतःची जमीन नसलेले, संपादनाआधी तीन वर्षं त्याच भागात राबून पोट भरणारे शेतमजूर, कुळं, वाटेकरी, कारागीरही त्यात येतात. 'विस्थापित' त्याहून अरुंद: ज्या कुटुंबाला बाधित क्षेत्रातून उठून दुसरीकडे वसावं लागतं, तेवढंच. कालव्यात शेत गेलं, घर मात्र जागेवर राहिलं, तर ते कुटुंब बाधित आहे, विस्थापित नाही. सरसकट 'विस्थापित' केलंत तर अशी माणसं तुमच्या लेखातून गायबच होतील. भूमिहीन तर आधीच बहुतेक लिखाणातून वगळलेले असतात.

'प्रकल्पग्रस्त' हा चळवळीतला आणि रोजच्या बोलण्यातला शब्द. राज्याच्या १९९९च्या कायद्याच्या नावात 'प्रकल्पबाधित व्यक्ती' आहे, पण लोक मागतात तो दाखला प्रकल्पग्रस्ताचा, आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के समांतर आरक्षणही त्याच नावाने ओळखलं जातं. कोयनेच्या माणसांना 'धरणग्रस्त' सोडून दुसरं काही म्हटलं तर त्यांनाच परकं वाटेल.

'स्थलांतरित' मात्र मी काढून टाकेन. स्थलांतर माणूस कामासाठीही करतो, आपल्या मर्जीनेही करतो. 'गाव स्थलांतरित झालं' या वाक्यात ते कोणी हलवलं याचा पत्ताच लागत नाही. म्हातारी माणसं 'आमचं गाव उठवलं' म्हणतात. त्या एका प्रयोजक क्रियापदात सगळं येतं.

आता पुनर्वसाहत. नवं गावठाण, भूखंड, घर, रस्ता म्हणजे पुनर्वसाहत. २०१३च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तर गुरांसाठी पिण्याचं पाणी, गायरान आणि स्मशानभूमी यांचाही उल्लेख आहे. पुनर्वसन म्हणजे माणूस पुन्हा कमावता होणं. म्हणून दुसऱ्या अनुसूचीत नोकरी, किंवा एकरकमी ५ लाख रुपये, किंवा २० वर्षं दरमहा २,००० रुपये असे पर्याय येतात, आणि सिंचन प्रकल्प असेल तर लाभक्षेत्रात, म्हणजे प्रकल्पाचं पाणी पोचतं त्या भागात, जमीन. भूखंडांचं वाटप झालं की 'पुनर्वसन पूर्ण' अशी बातमी छापून येते, तेव्हा फार तर पुनर्वसाहत झालेली असते. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा नुसत्या घरांसाठी दिलेली नव्हती.

आणखी एक उत्तर: वरच्याशी सहमत. 'कुटुंब' हा शब्दही तपासा. एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब, हा आपला रोजचा अर्थ इथे लागू नाही. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९च्या निवाड्यात सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला गेला, सज्ञान मुलगी नाही. २०१३च्या कायद्यात सज्ञान व्यक्ती, मग ती बाई असो वा पुरुष, स्वतंत्र कुटुंब. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता यांचाही वेगळा उल्लेख आहे. त्यामुळे 'शंभर कुटुंबं' असं लेखात असेल, तर ती कोणत्या व्याख्येने मोजली हे लेखकाला जरूर विचारा.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. शेवटचं विचारतो. पैशाला 'मोबदला' म्हणू की 'भरपाई'?

उत्तर: कायद्याचा शब्द भरपाई. मोबदला म्हणजे दिल्याबद्दल घेतलेलं, त्यात मालकाने राजीखुशीने व्यवहार केल्याचा भास होतो. सक्तीच्या संपादनात तो शब्द मला तरी खटकतो. गावकऱ्याच्या तोंडचं वाक्य असेल तर मात्र त्याचा 'मोबदला' तसाच ठेवा. आणि लेखात 'दिलासा रक्कम' आली असेल तर ती भरपाईत मिसळून टाकू नका. संपादन सक्तीचं म्हणून २०१३च्या कायद्याने भरपाईच्या १०० टक्के इतकी ही रक्कम वर द्यायची असते. दोन्ही आकडे वेगळे दिसले, तरच वाचकाला हिशेब कळेल.