अपग्रेडनंतर पडद्याच्या उजेडाच्या कळा चालेनात: इंदूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

रामबागेतल्या आमच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे. बाबा त्यावर रोज रात्री पेपर वाचतात. गेल्या महिन्यात मी त्यातलं लिनक्स अपग्रेड केलं आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ वरून ६.८ वर गेलं. वायफाय, आवाज, मराठी टंकलेखन सगळं सुरळीत. फक्त उजेडाच्या कळा गेल्या. कळ दाबली की सूर्याची खूण येते, पट्टी सरकते, पण पडदा ढिम्म. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. त्या झगझगाटात त्यांना पाच मिनिटंही वाचवत नव्हतं, आणि बंद लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले बाबा मला बघवेनात. जेल रोडवरच्या एका दुकानात सांगितलं, "नवीन पडदा टाका." पडदा तर धडधाकट होता!

उपाय सापडला तो असा. टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) /सिस/क्लास/बॅकलाइट या फोल्डरची यादी काढली (रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान). आत एकच नाव होतं: एसीपीआय_व्हिडिओ०. म्हणजे कळ पोचत होती, पण हुकूम चुकीच्या दाराशी जात होता. उजेड बदलायचे मुख्य मार्ग तीन: ग्राफिक्स ड्रायव्हरचा स्वतःचा, बायोसमधल्या (यंत्राच्या मूळ प्रणालीतल्या) एसीपीआय या सोयीचा आणि लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मॉड्यूलचा. पूर्वी यातले दोन-तीन एकदम हजर असत आणि त्यातला कोणता वापरायचा ते डेस्कटॉप ठरवी. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या कर्नल ६.१ पासून कर्नल स्वतःच एक निवडतं. ती निवड एखाद्या जुन्या यंत्राला मानवत नाही.

मग लॅपटॉप सुरू होताना ग्रबच्या (कोणतं कर्नल चालू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत 'ई' दाबलं, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह (म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरचा स्वतःचा मार्ग) जोडलं आणि कंट्रोल-एक्स. उजेड कमी झाला! हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, चुकला तर पुन्हा सुरू केल्यावर सगळं पूर्ववत, म्हणून घाबरायचं कारण नाही. जमल्यावर तोच शब्द /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत 'क्वाएट स्प्लॅश' शेजारी लिहिला आणि अपडेट-ग्रब चालवलं.

तुमच्याकडे काय झालं? लिहिताना कर्नल आधी कोणतं होतं, आता कोणतं आहे आणि त्या फोल्डरात काय दिसतं, एवढं जरूर सांगा.

लोकमान्य नगरहून
ताई, माझ्याकडे तर खूणसुद्धा येत नव्हती. तेव्हा आधी कळ पोचते का ते पाहावं. ईव्हीटेस्ट (दाबलेली कळ दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून कळ दाबली, काहीच उमटलं नाही. एफएन आणि एस्केप एकत्र दाबल्यावर एफएन कळेचं कुलूप सुटलं. प्रत्येक लॅपटॉपवर हीच जोडी असेल असं नाही; बायोसमध्येही ही सोय असते.

सुदामा नगरहून
मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६८. कुठेतरी वाचून मी नेटिव्हच्या जागी व्हेंडर (लॅपटॉप बनवणाऱ्याचा मार्ग) लिहिलं, तेही थेट फाइलीत. पडदा काळाकुट्ट. भाच्याने फोनवर सांगितलं, "मावशी, मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरकी धर." धरली, तर आत अंधुक अक्षरं दिसली. यंत्र चालू होतं, मागचा दिवा तेवढा विझलेला. एचडीएमआयची तार टीव्हीला लावली, टीव्हीवर बघत तो शब्द पुसला, अपडेट-ग्रब केलं. दुसऱ्याच्या लॅपटॉपचा शब्द आपल्याला लागू पडेलच असं नाही. आधी ताईंनी सांगितलेला 'ई'चा मार्ग, मग फाइल.

एसजीएसआयटीएस (इंजिनिअरिंग कॉलेज) च्या वसतिगृहातून
माझ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं. मी दोन दिवस नुसते हे शब्द बदलून पाहून राहिलो होतो. खरं कारण वेगळंच: नव्या कर्नलचे हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) आलेच नव्हते, त्यामुळे दुसऱ्या कार्डाचा ड्रायव्हर बांधला गेला नव्हता. डीकेएमएस (कर्नल बदललं की ड्रायव्हर पुन्हा बांधणारा प्रोग्रॅम) ला स्टेटस विचारलं तेव्हा कळलं. हेडर टाकले, ड्रायव्हर पुन्हा बांधला, कळा चालू. ज्यांच्याकडे घाई आहे त्यांनी ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुनं कर्नल निवडावं. परीक्षेच्या आठवड्यात मी तेच केलं.

पलासियाहून
एक्सरँडरने (पडद्याची मांडणी बदलणाऱ्या हुकुमाने) उजेड कमी करायचा सल्ला बरेच जण देतात. डोळ्यांना तात्पुरता आराम मिळतो, हे खरं. पण त्यात चित्र काळवंडतं, मागचा दिवा तेवढाच जळतो, बॅटरी काही वाचत नाही.

विजय नगरहून
पडद्याचं जमलं, धन्यवाद. पण कीबोर्डखालचे दिवे लागत नाहीत. तेही याच फोल्डरात असतात का?

रामबागेहून
नाही दादा, ते /सिस/क्लास/एलईडीज मध्ये बघा. नावाच्या शेवटी केबीडी_बॅकलाइट असेल. त्यातल्या मॅक्स_ब्राइटनेस या फाइलीतला आकडा वाचा आणि तेवढा किंवा त्याहून कमी आकडा सुडो टी (मालकाच्या अधिकाराने फाइलीत लिहिणारा हुकूम) वापरून ब्राइटनेस या फाइलीत लिहून पाहा. दिवे लागले तर हार्डवेअर ठीक आहे, अडचण कळेत आहे. नावच नसेल तर इथे यादी टाका, रात्री बाबा लॅपटॉप घेऊन बसले की मी शेजारीच असते, तेव्हा बघते.