सिटोलचं व्हायोलिन झालंय, ते परत सिटोल करावं का?

खुंटीपिळ्या:
लेकीकडे लंडनला गेलो होतो. ब्रिटिश म्युझियमच्या ४० नंबरच्या दालनात एक वाद्य बघितलं आणि पाय निघेना. इंग्लंडमधलं सिटोल, म्हणजे मध्ययुगातलं एक तंतुवाद्य, साधारण १३०० ते १३३० मधलं. धड, मान, डोकं सगळं बॉक्सवुडच्या एकाच तुकड्यातून कोरलेलं. कडेनं पानं, वेली, शिकारी, जनावरं. बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. जवळजवळ अख्खं उरलेलं जगातलं हे एकच सिटोल. आणि त्याच्यावर काय, तर व्हायोलिनची तबली (वरची नाद देणारी फळी), व्हायोलिनची घोडी (तारा टेकतात ती)! नखीनं छेडायचं वाद्य नंतर कुणीतरी गजानं वाजवायला घेतलं. २०१० मध्ये म्युझियमनं या एका वाद्यावर परिषद भरवली, पुढे त्यावर पुस्तकही काढलं. एवढा अभ्यास झालाय, तर तो नंतरचा साज उतरवा आणि मूळ वाद्य वाजतं करा. माझं मत स्पष्ट आहे, आता या अंगावर.

दप्तरी:
आलोच. खुंट्यांच्या घरावरचं झाकण नीट पाहिलंत का? सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, त्यावर पहिली एलिझाबेथ राणी आणि लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली यांची राजचिन्हं. वाद्यावर १५७८ साल कोरलंय. तोही 'नंतरचा साज'च की. उतरवणार?

खुंटीपिळ्या:
चांदी शेजारच्या काचेत ठेवा. कोण वितळवा म्हणतंय?

दप्तरी:
म्हणजे १३०० चा माणूस कलावंत आणि १५७८ चा अडाणी! अहो, सिटोलची चलती संपल्यावर बाकीची सिटोलं कुठे गेली? माझ्या मते हे वाचलं ते नव्या रूपात दरबारी दिमाखाला चाललं म्हणूनच.

रियाज_चुकवा:
खुंटीपिळ्याकाकांना +१. काचेतलं वाद्य म्हणजे भुसा भरलेला वाघ. वाजवा नाहीतर अभ्यासाच्या गप्पा नकोत.

जवारीवाला:
मिरजेत वाद्यांच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. आमच्याकडे तबली बसलेला तानपुरा येतो, आम्ही बिनदिक्कत नवी घालतो, कारण गवयाला तो उद्या मैफिलीत लागतो. इथे मूळ तबलीच उरलेली नाही. तिची जाडी किती होती, आतून पट्टी कुठे होती, घोडी कुठे बसायची? आवाज तर त्यातूनच येणार. तुम्ही लावाल ती तबली तुमच्या अंदाजाची. मग सातशे वर्षांच्या लाकडावर ऐकणार ते आजचंच वाद्य. तेवढ्यासाठी प्रतिकृती करा ना, तशा झाल्याही आहेत. हवी तितकी चुकवा, पुन्हा करा.

एक मात्र कबूल, व्हायोलिन म्हणून ते गैरसोयीचंच. मान जवळजवळ धडाइतकी खोल, म्हणून अंगठ्यासाठी आरपार भोक. अंगठा तिथेच अडकल्यावर हात वर सरकणार कसा? अठराव्या शतकातल्या चार्ल्स बर्नी या संगीत इतिहासकारानंही आवाज अगदी दबका असल्याची तक्रार केली होती.

रियाज_चुकवा:
बघा! व्हायोलिन म्हणूनही नापास. मग ठेवायचं कशाला तसं?

पानापानात:
एक गोष्ट सगळेच विसरताय. या वाद्याला पूर्वी 'वॉरिक किल्ल्यातलं गिटर्न' म्हणत. गिटर्न हे वेगळंच वाद्य. लॉरेन्स राइट यांनी १९७७ साली दाखवून दिलं की ही नावांची अदलाबदल झाली होती. म्युझियमनं ते घेतलं १९६३ साली. तेव्हा कुणी काकांसारखं उत्साही असतं आणि 'मूळ रूपात' आणलं असतं, तर आज आपण एका गिटर्नचं परत सिटोल करावं का यावर भांडत असतो.

खुंटीपिळ्या:
हा लागला बुवा. १९६३ चं माहीत नव्हतं. तबलीबद्दल जवारीवाल्यांचंही मानतो. पण दप्तरींचं नाही. नुसतं जुनं झालं म्हणून प्रत्येक डागडुजी पवित्र होत नाही.

दप्तरी:
पवित्र कोण म्हणालं? हात लावू नका एवढंच म्हणतोय.

जवारीवाला:
काका, त्या अंगठ्याच्या भोकाचा मागच्या बाजूनं फोटो काढलाय का? कड आतून झिजलेली आहे का ते बघायचंय.

खुंटीपिळ्या:
पुढूनच काढलेत सगळे. लेकीला रविवारी पाठवतो.